चालत्या यंत्रात डोकावण्याचा हक्क

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. औरंगपुऱ्यातल्या एका नेट कॅफेत आम्ही आठ-दहाजण दुपारपासून ताटकळत बसलो होतो. पडद्यावर ते छोटे वर्तुळ नुसते गरगर फिरत होते. मध्येच पान उघडे, उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत चढवेपर्यंत पुन्हा मिटे. कन्नडकडून आलेला एक मुलगा दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे पाही, कारण त्याला शेवटची एस.टी. गाठायची होती. कॅफेचे मालक भले गृहस्थ. त्यांनी कोणाकडूनही वेळेचे पैसे घेतले नाहीत. मात्र प्रत्येकाला त्यांचे उत्तर एकच, "सर्व्हर डाऊन आहे, बाळांनो."

मी विचारले, "काका, डाऊन म्हणजे नक्की काय झालंय?"

"ते कुणाला ठाऊक?" ते म्हणाले, आणि शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर दुरुस्त करू लागले.

हे 'कुणाला ठाऊक' माझ्या मनातून गेले नाही. पूर्वीच्या माणसांनी जे जे कळत नसे ते दैवावर सोपवले. आपण ते सर्व्हरवर सोपवतो. वास्तविक संगणक मंदावण्याची कारणे दैवी नसतात. साठवणुकीची तबकडी संथ असेल, एकाच नोंदीसाठी शंभर मागण्या रांगेत अडल्या असतील, एखादा कार्यक्रम नको ते काम हजार वेळा करत असेल, किंवा यंत्र ठणठणीत असून वाटेतली तारच अरुंद असेल. यातल्या प्रत्येक दुखण्याला वेगळे औषध आहे. पण आत काय चालले आहे हे यंत्र चालू असतानाच पाहता आले, तरच औषध नेमके देता येते. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होतो.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की हा विषय जितका अभियंत्यांचा तितकाच आपलाही आहे, कारण त्याच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. एका घरची वस्तू दुसऱ्या घरी नेताना तिचे काय होते, हा पहिला. तो भाषांतराचा प्रश्न आहे. आणि चालत्या कारभारात डोकावण्याची मुभा कोणाला असावी, हा दुसरा. तो नागरिकशास्त्राचा आहे. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला 'डीट्रेस' नावाच्या एका साधनाच्या हकिगतीत सापडली. ती हकिगत येथे सांगावीशी वाटते.

अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स नावाची एक कंपनी होती. १९८२ साली ती काढणाऱ्यांपैकी एक, विनोद खोसला, हे जन्माने पुण्याचे. (आपल्या मातीचा संबंध आला की आपली छाती फुगते, म्हणून सांगितले. डीट्रेसशी त्यांचा संबंध नाही. ते कंपनीतून फार आधीच बाहेर पडले होते.) या कंपनीची सोलॅरिस नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा गृहस्थाश्रम सांभाळणारी व्यवस्था. कोणत्या कार्यक्रमाला केव्हा प्रोसेसर द्यायचा, कोणाला किती स्मृती द्यायची, तबकडीवर कोण लिहिणार, हे सगळे तीच ठरवते. ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि ॲडम लेव्हेंथल या तिघांनी सोलॅरिससाठी डीट्रेस लिहिले आणि २००५ च्या जानेवारीत सोलॅरिस १० बरोबर ते लोकांच्या हाती पडले.

त्याआधी चालत्या कार्यक्रमात काय घडते हे पाहायचे दोनच ढोबळ मार्ग होते. एक, कार्यक्रम थांबवून त्याला उलगडायचे. पण ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार चालू आहे ते थांबवणार कसे? दुसरा, कार्यक्रमात आधीच जागोजाग 'येथे आलो, तेथे गेलो' अशी नोंद करणारी वाक्ये पेरून ठेवायची. त्याने कार्यक्रम कायमचा जड होतो, आणि दुखणे नेमके तेथे उद्भवते जेथे आपण वाक्य पेरलेले नसते.

डीट्रेसची युक्ती निराळी. चालू असलेल्या यंत्राच्या स्मृतीत एखाद्या कामाची जी पहिली आज्ञा असते, तिच्या जागी ते क्षणभरापुरती आपली आज्ञा ठेवते. काम तेथे आले की आधी डीट्रेसकडे वळते. डीट्रेस वेळ पाहते, कोण आले ते टिपते, मग मूळ आज्ञा पुरी करून कामाला त्याच्या वाटेने जाऊ देते. पाहणे संपले की मूळ आज्ञा होती तशी जागेवर बसते. म्हणजे कोणी पाहत नसेल तेव्हा या साधनाचा भार शून्य. अशी डोकावण्याची ठिकाणे सोलॅरिसमध्ये हजारोंनी होती.

आपल्या शहरातल्या माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी जी नहर बांधली, तिचे पाणी जमिनीखालून वाहत येई आणि वाटेत जागोजाग मॅनहोल ठेवलेली होती. पाणी न थांबवता तेथून खाली पाहता येत असे. फरक इतकाच की ती मॅनहोल बांधतानाच ठरवावी लागली. डीट्रेसला मात्र वाहत्या नहरीवर, हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी मॅनहोल उघडता येते आणि काम झाले की खूण न ठेवता बुजवता येते.

प्रश्न विचारण्यासाठी त्याची स्वतःची एक छोटी भाषा आहे, तिचे नाव 'डी'. तिच्यातल्या प्रत्येक प्रश्नाचे तीन भाग: कोठे पाहायचे, कोणत्या अटीवर पाहायचे आणि पाहिले की काय टिपायचे. या भाषेत एक गोष्ट जाणूनबुजून ठेवलेली नाही. फिरून फिरून तेच करण्याची आज्ञा, जिला संगणकवाले 'लूप' म्हणतात, ती तिच्यात नाही. कारण उघड आहे. अडाण्याने किंवा घाईत असलेल्या शहाण्याने प्रश्न विचारताना न संपणारे चक्र लिहिले, तर पाहता पाहता पाहिले जाणारे यंत्रच बंद पडायचे. भाषेतून एखादी शक्ती मुद्दाम काढून घेतल्याने ती अधिक विश्वासाची होते, हे आपल्या व्याकरणाच्या तासाला कोणी सांगत नाही. पण मला ते फार आवडले.

या साधनाची एक गोष्ट त्याच्या कर्त्यांनीच २००४ च्या आपल्या निबंधात नोंदवली आहे. एका मोठ्या यंत्रावर पुष्कळ माणसे आपापल्या टर्मिनलवरून काम करत होती, आणि यंत्र विनाकारण दमत होते. त्याचे प्रोसेसर एकमेकांना सारखे हाका मारत होते, एवढे जुन्या साधनांनीही दिसत होते. हाका का मारतात ते दिसत नव्हते. डीट्रेसने माग काढला. हाका मारायला लावणारा होता पडद्यावर चित्रे काढणारा कार्यक्रम. मग त्याला कोण कामाला लावते? असे एकेक पाऊल मागे जाता जाता पत्ता लागला तो शेअरबाजाराचे भाव सरकवत दाखवणाऱ्या एका चिमुकल्या पट्टीपर्यंत. काही जणांनी ती आपल्या पडद्याच्या कडेला हौसेने लावून ठेवली होती. ही पट्टी क्षणाक्षणाला चित्राची सामग्री मागे आणि लगेच टाकून देई. आता विचार करा, हे पाहता आले नसते तर? कोणीतरी नवे, अधिक महागडे यंत्र घेण्याचा प्रस्ताव मांडला असता आणि तो मंजूरही झाला असता. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आपल्याकडे पाणचक्कीच्याही आधीपासून असावी.

असे साधन आपल्याकडेही हवे असे इतर ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांना वाटले यात नवल नाही. सनने त्याची मूळ लिखापढी २००५ सालीच खुली केली होती. कोणीही घ्यावी, वाचावी, बदलावी. मग न्यायला अडचण काय? येथून पुढची हकिगत मला मूळ शोधाहून अधिक महत्त्वाची वाटते.

एका सिस्टीमवरचे साधन दुसरीवर नेण्याला संगणकवाले 'पोर्ट करणे' म्हणतात. ते शब्दशः उतरवून काढण्यासारखे नसते. पु. ल. देशपांड्यांनी शॉचे 'पिग्मॅलियन' मराठीत 'ती फुलराणी' म्हणून आणले, तेव्हा कथेचा सांगाडा फारसा हलला नाही. परंतु लंडनच्या फुलवालीची बोली आहे तशी आणणे अशक्यच होते, कारण त्या बोलीला इंग्रजांच्या कानात जे वजन आहे ते आपल्या कानात नाही. म्हणून आपल्या समाजात तेच काम करणारी दुसरी बोली शोधावी लागली. डीट्रेसचेही तेच झाले. डी भाषा, तिचे व्याकरण, आकडेमोड ही जवळजवळ तशीच नेता आली. परंतु मुळे ज्या मातीत होती ती माती नेता आली नाही. एकाच वस्तूवर दोघांनी हात टाकू नये म्हणून कुलूप कसे घालायचे, आज्ञा अडवली की यंत्र कोणाला हाक मारते, आतल्या नोंदवहीत कोणत्या रकान्याला काय म्हणतात, या सगळ्या बाबतीत प्रत्येक सिस्टीमची रीत वेगळी. सोलॅरिसमधल्या अंतर्गत नावांवर विसंबून लिहिलेला प्रश्न दुसऱ्या घरी गेला की त्याला तेथे कोणी ओळखत नाही.

याची जाणीव कर्त्यांना आरंभापासून होती असे दिसते. कारण त्यांच्या भाषेत 'ट्रान्सलेटर', म्हणजे भाषांतरकार, याच नावाची एक सोय आहे. आतली नावे कशीही असोत, बाहेरच्याला ती ठरलेल्या स्थिर नावांनी दिसावीत, हे तिचे काम. भाषांतर ही साहित्यवाल्यांचीच मिरास आहे असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून जरा गप्प बसावे.

फ्रीबीएसडी नावाच्या मोकळ्या सिस्टीमवर हे काम जॉन बिरेल यांनी केले. त्यांच्यापुढे नुसती तांत्रिक अडचण नव्हती. सनने डीट्रेस ज्या परवान्याखाली खुले केले त्याच्या अटी एक, आणि फ्रीबीएसडीच्या परवान्याच्या अटी त्याहून सैल. दोन्हींची सरमिसळ झाली तर सगळ्याच घराला कडक अटी लागू होण्याची भीती. म्हणून बिरेल यांनी पाहुण्याला वेगळी खोली दिली. सनकडून आलेला भाग निराळ्या कप्प्यात ठेवला, आणि मूळ घराने त्याच्याशी बोलण्यापुरते जे दुवे लागतात ते स्वतः नव्याने लिहिले. २००९ च्या आरंभी फ्रीबीएसडी ७.१ मध्ये हे साधन आले. त्याच वर्षी बिरेल वारले. त्यांचे नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकले असेल? असो.

लिनक्सच्या घरी मात्र अडले ते याच परवान्यापायी. लिनक्सही मोकळे, डीट्रेसही मोकळे. पण दोन्ही मोकळेपणांच्या अटी अशा की एकीचे पालन केले तर दुसरीचा भंग होतो, असे बहुतेकांचे मत पडले. दोन सज्जन कुटुंबांत सोयरीक ठरावी आणि मानपानावरून मोडावी, तसे हे झाले. लिनक्सवाल्यांनी २००५ पासून स्वतःचे 'सिस्टीमटॅप' नावाचे साधन उभारले. त्याचा पाया असलेल्या 'केप्रोब्स' या यंत्रणेच्या घडणीत बंगलोरला आयबीएममध्ये काम करणाऱ्या आपल्या देशातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. पॉल फॉक्स नावाचे एक गृहस्थ २००८ पासून एकट्याने, फावल्या वेळात, डीट्रेस लिनक्सवर आणण्याची खटपट करत राहिले. पुढे २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली, आणि २०१८ साली तिने डीट्रेसचा संबंधित भाग लिनक्सला चालेल अशा परवान्याखाली दिला. मोजून तेरा वर्षे गेली. तोवर लिनक्सने 'ईबीपीएफ' नावाची आपली स्वतंत्र वाट काढली होती, आणि आज लिनक्सवरचे नवे डीट्रेस त्याच वाटेवर बसवलेले आहे. पाहुणा अखेर आला तो यजमानाचे कपडे घालून.

ॲपलची गोष्ट याहून बोलकी. २००७ च्या ऑक्टोबरात आलेल्या मॅक ओएस टेन १०.५ मध्ये ॲपलने डीट्रेस घेतले आणि वर दिसायला देखणे असे 'इन्स्ट्रुमेंट्स' नावाचे साधनही बसवले. २००८ च्या जानेवारीत लेव्हेंथल यांच्या ध्यानात आले की या घरी डीट्रेस एका ठिकाणी डोळे मिटते. गाणी विकणारा आणि वाजवणारा ॲपलचा आयट्यून्स हा कार्यक्रम चालू असला की साधन त्याला पाहत नाही. इतकेच नव्हे, ठराविक क्षणांनी सगळ्या यंत्राची नोंद घ्यायला सांगितले, तरी ज्या क्षणी आयट्यून्स चालू असे तो क्षण न सांगता गाळला जाई. गाण्यांची कुलपे कोणी उघडू नयेत, हा ॲपलचा हेतू असावा आणि तो समजण्यासारखा आहे. आपल्या खोलीचे दार लावून घेण्याचा हक्क कोणालाही आहे. पण येथे दार लावलेले नव्हते, आरसाच खोटा केला होता. 'मी पाहू शकत नाही' असे म्हणणारे साधन प्रामाणिक असते. पाहिले नाही आणि तरी पूर्ण हिशेब म्हणून आकडा देणारे साधन नसलेलेच बरे. ॲपलने त्याच वर्षी, १०.५.३ या आवृत्तीत, गाळलेले क्षण मोजण्याची दुरुस्ती केली हेही सांगितले पाहिजे. संरक्षित कार्यक्रम मात्र बंदच राहिले, आणि २०१५ पासून मॅकवर सिस्टीमच्या स्वतःच्या भागांत डोकावण्यावर आणखी मर्यादा आल्या.

विंडोजची पाळी आली २०१९ च्या मार्चमध्ये. तेथली अडचण पुन्हा वेगळी. विंडोजचा गाभा स्वतःच्या आज्ञांमध्ये कोणी फेरफार करतो आहे का यावर पहारा ठेवतो. चोरांना अडवण्यासाठीच तो पहारा आहे. पण डीट्रेसची तर युक्तीच आज्ञा बदलण्याची! पहारेकऱ्याला चोर आणि वैद्य यांतला फरक कसा कळावा? तेव्हा मायक्रोसॉफ्टलाच आपल्या गाभ्यात मुद्दाम एक अधिकृत झरोका करावा लागला. विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये हे साधन आता सिस्टीमबरोबरच येते. बाहेरच्या कोणी कितीही हुशारीने लिहिले असते, तरी घरमालकाच्या संमतीवाचून ते तेथे नांदले नसते.

या चारही घरांत एक गोष्ट मला सारखी दिसते. साधन नेणे कठीण असते हे खरे, पण ते कष्टाने साध्य होते. बिरेल यांच्यासारखा एक माणूस ते करतो. पाहण्याची मुभा मात्र सामानात बांधून नेता येत नाही. फ्रीबीएसडीत ती कप्पा वेगळा करून मिळवावी लागली, लिनक्समध्ये तेरा वर्षे थांबून, ॲपलकडे ती अर्धीच मिळाली, आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या सोयीने दिली.

आता पुन्हा औरंगपुऱ्याकडे येऊ.

आपल्या राज्यात माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्याही आधी, २००२ साली झाला, आणि त्यामागे अण्णा हजारे यांचे आंदोलन होते. केंद्राचा कायदा २००५ चा, म्हणजे डीट्रेसच्याच वयाचा. या केंद्रीय कायद्यातल्या अधिकाराच्या व्याख्येत नुसत्या कागदपत्रांची नव्हे, तर कामाचीही पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचा हक्क दिला आहे. रस्ता खराब झाला तर नागरिकाला खडीचा नमुना मागता येतो. मग सरकारी पैशाने बांधलेले संकेतस्थळ हे काम नव्हे काय? पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्राने लोकसेवा हक्क अधिनियम केला. ठरावीक सेवा ठरावीक दिवसांत मिळालीच पाहिजे, असे तो सांगतो. परंतु दिवस मोजायचे ते अर्ज दाखल झाल्यापासून. ज्याचा अर्ज गरगर फिरणाऱ्या वर्तुळातून पलीकडे गेलाच नाही, त्याचे घड्याळ सुरूच होत नाही. कन्नडच्या त्या मुलाची दुपार कोणत्याही नोंदवहीत नाही.

आणि येथेच खरी मेख आहे. माहितीचा अधिकार असलेली माहिती देतो. नसलेली तयार करून द्या असे बंधन तो घालत नाही. 'अमुक तारखेला दुपारी तुमचे यंत्र कशामुळे मंद झाले?' असे विचारले, आणि त्या वेळी ते कोणी मोजलेच नसेल, तर 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर कायद्याला धरूनच होईल. म्हणून मोजण्याचे साधन आधी बसवलेले असणे हा मला केवळ अभियंत्याच्या सोयीचा भाग वाटत नाही. सार्वजनिक संकेतस्थळाचे कंत्राट देताना ते कोणत्या सिस्टीमवर चालणार हे ठेकेदाराने खुशाल ठरवावे. पण तेथे डोकावण्याचे साधन चालले पाहिजे, आणि त्यातून आलेले आकडे लोकांसमोर ठेवले पाहिजेत, एवढी अट त्या कागदात असावी. आपल्याकडे हे जमणार नाही असे नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला. २०२४ मध्ये खोडदच्या महादुर्बिणीच्या कामासाठी परम रुद्र आला. आणि महासंगणकांवर देखरेख करण्याच्या सी-डॅकच्या साधनाचे नावच 'सी-चक्षू' आहे. महासंगणकाला डोळा देणाऱ्यांना शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाला डोळा देणे जड जाऊ नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. चालत्या यंत्रात ज्याला हवे तेथे डोकावता येते, त्याला दुसऱ्याचा पासवर्डही वाचता येईल, बँकेचा खातेक्रमांकही दिसेल. म्हणूनच या साधनांची किल्ली सर्व सिस्टीमांत मुख्य व्यवस्थापकाच्या हातीच असते, आणि ती सर्वांना वाटावी असे मी मुळीच म्हणत नाही. माझी मागणी किल्लीची नाही. डीट्रेसची एक खोड येथे उपयोगी आहे. ते हजारो घटना एकेक करून सांगत बसत नाही; जागच्या जागी बेरजा करते आणि शेवटी एक तक्ता देते. इतक्या मागण्या एका सेकंदात पुऱ्या झाल्या, इतक्या दहा सेकंदांत, इतक्या कधीच नाहीत. त्या तक्त्यात कोणाचे नाव नसते, गाव नसते, जात नसते. असा तक्ता रोज संध्याकाळी संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर लावला तर कोणाचे काय बिघडेल? ज्यांचे बिघडेल, त्यांचे बिघडावे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आमच्या विद्यार्थ्यांचीही यात चूक आहे. आम्ही 'सर्व्हर डाऊन' हे उत्तर मान्य करतो आणि चहा प्यायला जातो. संगणक शाखेचे मित्र परीक्षेपुरते लूप लिहितात, कला शाखेचे आम्ही 'ते आपले काम नव्हे' म्हणून मोकळे होतो. प्राध्यापकांना हे लिहिणे धाडसाचे होईल, पण निकालाच्या दिवशी तेही आमच्याइतकेच हताश होऊन त्या वर्तुळाकडे पाहत असतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बी.सी.एस.ला असलेल्या एका मित्राला मी गळ घातली. त्याच्याकडे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होते. त्याने ईबीपीएफच्या वाटेवरचे 'बीपीएफट्रेस' हे साधन घेतले आणि एका ओळीचा प्रश्न लिहिला: या घटकेला कोणता कार्यक्रम सिस्टीमला किती वेळा हाक मारतो? दहा सेकंद थांबून त्याने तो बंद केला. यादी आली. पहिल्या क्रमांकावर होता ब्राउझर, ज्यात आम्ही क्रिकेटचा धावफलक उघडा ठेवून विसरलो होतो. तिसऱ्या क्रमांकावर ज्या खिडकीत आम्ही हे आकडे वाचत होतो ती खिडकी. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी ते पाहिले आणि विचारले, "हे त्या शिष्यवृत्तीच्या यंत्राला लावता येईल का?"

"लावता येईल, सर," मित्र म्हणाला. "पण ते आपल्या हातात नाही."

सरांनी कागद ओढला आणि अर्जाचा मसुदा सुरू केला. अमुक दिवशी दुपारी दोन ते सहा या वेळात किती मागण्या आल्या, किती पुऱ्या झाल्या, प्रत्येकीस किती वेळ लागला. माहिती एकत्रित आकड्यांत चालेल. मोजणी केलेली नसल्यास तसे स्पष्ट लिहावे आणि मोजणीचे साधन बसवण्याची अट कंत्राटात आहे किंवा कसे, त्याची प्रत द्यावी. खाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. ऑनलाइन पाठवू या, असे मी सुचवले. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. उत्तर अजून यायचे आहे.